गोल्फची बॅग वाहणारी मोटरची ट्रॉली : तयार घ्यावी की उद्यमनगरात करून घ्यावी?

राजारामपुरीकर

नमस्कार. साखर कारखान्यातील नोकरीतून निवृत्त होऊन मला तीन वर्षे झाली. नोकरीच्या काळात लागलेली गोल्फची गोडी मी अजून टिकवून आहे आणि महिन्यातून दोनदा पुण्याला मुलीकडे जातो तेव्हा अठरा होलांचा, म्हणजे अठरा टप्प्यांचा, एक राउंड ठरलेला असतो. गेल्या वर्षी माझ्या कमरेच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी चालण्याला बंदी केलेली नाही, उलट रोज चालावे असेच सांगितले आहे. मात्र वजन उचलणे आणि एका हाताने काही ओढत नेणे या दोन गोष्टी कायमच्या सोडाव्यात असे त्यांनी बजावले आहे.

माझ्याकडे दोन चाकांची, हाताने मागून ओढायची जुनी ट्रॉली आहे. ती ओढताना खांदा मागे खेचला जातो, कमरेला पीळ बसतो आणि सातव्या-आठव्या होलपर्यंत उजवी पोटरी बधिर होऊ लागते. बॅग वाहणारा मदतनीस, म्हणजे कॅडी, सोबत असतो तेव्हा काही अडचण नसते. परंतु दुपारच्या वेळी किंवा स्पर्धेच्या दिवशी प्रत्येकाला कॅडी मिळेलच असे नाही. बसून फिरायची गाडी मला नको, कारण अठरा होलांच्या निमित्ताने होणारे आठ-दहा किलोमीटरचे चालणे हाच या वयात माझ्यासाठी खेळाचा मोठा लाभ आहे. म्हणून बॅग वाहणारी आणि आपण नुसते सोबत चालायचे, अशी मोटरची ट्रॉली घेण्याचा विचार पक्का केला आहे.

एका परिचितांनी अशी ट्रॉली परदेशातून मागवली होती. चार महिन्यांत गिअरबॉक्समधील प्लॅस्टिकच्या चक्राचे दाते गेले. विक्रेत्याने सुटे चक्र देण्यास नकार दिला आणि मोटरसह पूर्ण संच घेण्याचा आग्रह धरला, ज्याची किंमत जवळजवळ निम्म्या ट्रॉलीइतकी होती. ती ट्रॉली आज त्यांच्या गॅरेजमध्ये धूळ खात पडली आहे. आपल्या कोल्हापुरात, उद्यमनगरातील कारखान्यांत, ऑइल इंजिनपासून उसाच्या चरकापर्यंत सर्व काही घडत असताना बॅग वाहणारे एक साधे यंत्र येथे का होऊ नये, असा प्रश्न तेव्हापासून माझ्या मनात आहे. मोटर किती ताकदीची हवी, बॅटरी कोणती घ्यावी, ती विमानातून नेता येईल का आणि खेळाच्या नियमांना हे चालते का, याविषयी जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

सकाळची_पहिली_टी

साहेब, मोटरकडे वळण्यापूर्वी तीन चाकांची ढकलायची ट्रॉली एकदा वापरून पाहा, असे सुचवावेसे वाटते. ओढणे आणि ढकलणे यांत कमरेच्या दृष्टीने मोठा फरक आहे. ढकलताना दोन्ही हात पुढे समान पातळीवर राहतात, पाठ सरळ राहते आणि पीळ पडत नाही. माझा पाठीचा त्रास तुमच्याइतका गंभीर नव्हता, तरी केवळ या बदलाने तो थांबला. मात्र चढावर पूर्ण बॅग ढकलणे तुमच्या डॉक्टरांना मान्य आहे का, हे आधी विचारून घ्यावे. पुण्यातच पाहायचे झाले तर येरवड्याच्या मैदानावर चालणे आणि बावधनच्या डोंगराळ कोर्सवर चालणे या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत.

लेथवाला_उद्यमनगर

राजारामपुरीकर साहेब, नमस्कार. मी स्वतः गोल्फ खेळत नाही. माझे थोरले मेहुणे खेळतात. त्यांच्यासाठी अशी ट्रॉली मी दोनदा केली. पहिल्यांदा ती फसली आणि दुसऱ्यांदा जमली. आधी फसलेल्या प्रयत्नाविषयी लिहितो, कारण तुम्ही कोणत्याही मिस्त्रीकडे गेलात तरी तो पहिल्यांदा तीच वाट सुचवण्याचा संभव आहे.

पहिल्या वेळी मी ट्रकच्या वायपरची 12 व्होल्टची मोटर वापरली. ती स्वस्त असते, जुन्या बाजारात सहज मिळते आणि तिच्यातच वर्म-गिअर (स्क्रूसारख्या आट्यांचा गिअर) बसवलेला असल्यामुळे वेगळा गिअरबॉक्स लागत नाही. वर्कशॉपच्या फरशीवर ट्रॉली उत्तम चालली. मैदानावर मात्र दोन दोष उघड झाले. वायपरची मोटर जलद गतीवरही मिनिटाला साधारण 65 फेरे देते. माझी चाके 30 सेंटिमीटर व्यासाची होती, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे 94 सेंटिमीटर अंतर. हिशेब केला तर वेग ताशी पावणेचार किलोमीटरच्या आत येतो. मेहुण्यांना दर काही पावलांवर थांबून ट्रॉलीची वाट पाहावी लागत होती. दुसरा दोष अधिक गंभीर होता. वर्म-गिअर मोटरकडून चाकाकडे फिरतो, पण चाकाकडून मोटरकडे फिरत नाही. सोळाव्या होलवर बॅटरी संपली आणि चाके जागच्या जागी जखडली. ट्रॉली ढकलता येईना, ओढता येईना. अखेर मी बॅग खांद्यावर घेतली, मेहुण्यांच्या सोबत्यांनी बॅटरीसह सांगाडा उचलला आणि आम्ही भर उन्हात क्लबहाऊसपर्यंत आलो. तुमच्या कमरेची स्थिती लक्षात घेता असा प्रसंग तुमच्यावर एकदाही येता कामा नये. म्हणून वायपरची मोटर आणि कोणताही वर्म-गिअर तुम्ही यादीतून प्रथम काढून टाका, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसऱ्या वेळी मी आधी हिशेब मांडला आणि मग लोखंडाला हात लावला. भरलेली बॅग 14 किलो, सांगाडा आणि मोटर 9 किलो, बॅटरी अडीच किलो, असे सुमारे 25 किलो धरा. दहा मीटर पुढे गेल्यावर एक मीटर चढ असेल, तर केवळ चढासाठी सुमारे 25 न्यूटन बल लागते, आणि गवतात चाके रुततात त्यासाठी मी तेवढेच आणखी धरले. मिळून 50 न्यूटन. ताशी पाच किलोमीटर म्हणजे सेकंदाला 1.4 मीटर, त्यामुळे चाकापाशी 70 वॅट शक्ती पोहोचली पाहिजे. मोटर आणि गिअर मिळून बरीच शक्ती वाटेत खातात; ते लक्षात घेतले तर बॅटरीतून 115 ते 120 वॅट घ्यावे लागतात. म्हणजे 12 व्होल्टवर जवळजवळ 10 अँपिअर. ओल्या गवतात अडकलेली ट्रॉली निघताना प्रवाह काही क्षण याच्या दुप्पट-तिप्पट होतो. म्हणून मोटर 200 वॅटच्या आसपासची घ्यावी आणि फ्यूज 30 अँपिअरचा ठेवावा. परदेशी ट्रॉल्यांच्या मोटरींवर 200 किंवा 230 वॅट असे आकडे दिसतात, ते जाहिरातीसाठी फुगवलेले नसून अशा अडलेल्या क्षणांसाठी असतात.

गती चाकापाशी मिनिटाला 90 फेऱ्यांच्या आसपास हवी. मोटर 2,700 फेऱ्यांची असेल तर गिअर 30 ला 1 या प्रमाणात लागतो. मी प्लॅनेटरी गिअरबॉक्स (मधल्या चक्राभोवती लहान चक्रे फिरतात असा) घेतला, ज्याची चक्रे पोलादाची आहेत. तो चाकाकडूनही फिरतो, मात्र जड फिरतो.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, जो मला एका जुन्या इंग्लिश ट्रॉलीचा ॲक्सल हातात घेऊन पाहिल्यावर समजला. तिच्या ॲक्सलच्या दोन्ही टोकांना दोन-दोन खाचा होत्या. चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या भागावर, एक दाबायचा खटका असतो. चाक आतल्या खाचेत बसवले तर ॲक्सलमधून आरपार गेलेली पिन चाकाला पकडते आणि मोटर चाक फिरवते. खटका दाबून तेच चाक बाहेरच्या खाचेत ओढले की ते पिनेपासून सुटते आणि ॲक्सलवर मोकळे फिरू लागते. बॅटरी संपली तर वाकून दोन खटके दाबायचे, चाके बोटभर बाहेर ओढायची आणि साध्या ट्रॉलीसारखी ती दोन्ही हातांनी ढकलत न्यायची. या दोन खाचा आणि एक पिन म्हणजे आपल्या उद्यमनगरातील कोणत्याही टर्नरचे अर्ध्या तासाचे काम आहे. मी 12 मिलिमीटरचा स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट वापरला आणि खाचा दीड मिलिमीटर खोल घेतल्या. त्याहून खोल घेतल्यास शाफ्ट तेथेच वाकण्याचा धोका असतो.

काही जण सायकलचे फ्रीव्हील आणि साखळी बसवण्याचा सल्ला देतील. त्यात बॅटरी संपल्यावर चाक मोकळे राहते हे खरे, पण उतारावर मोटरचा अटकाव मिळत नाही आणि 25 किलोची ट्रॉली तुमच्या हातातून निसटून खाली पळते. तिला आवरण्यासाठी तुम्हाला मागे झुकून ओढावे लागेल, आणि तुमच्या डॉक्टरांनी नेमके तेच नको म्हटले आहे. कायम चुंबकाच्या मोटरीची दोन्ही टोके एकमेकांना जोडली की ती फिरण्यास विरोध करते. मी स्विच बंद स्थितीत आला की टोके आपोआप जोडली जातील अशी व्यवस्था रिलेने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) केली आहे. त्यामुळे ट्रॉली उतारावरही सावकाश सरकते, मात्र पूर्ण थांबत नाही. थांबवून ठेवण्यासाठी चाकाला हाताचा ब्रेक वेगळा द्यावा लागतो.

बॅटरीविषयी. पाच किलोमीटरच्या वेगाने दहा किलोमीटर म्हणजे ट्रॉली दोन तास प्रत्यक्ष चालते. बाकीचा वेळ उभी असते. सरासरी 75 वॅट धरले तर 150 वॅट-तास ऊर्जा लागते. आपल्याकडे फवारणीच्या पंपात असते ती 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर 96 वॅट-तासांची असते. शेतकरी मंडळी म्हणतील की अशा दोन जोडा. तसे करू नये. शिसे-आम्लाची बॅटरी जास्त प्रवाहाने उपसली की कागदावरील क्षमता देत नाही आणि वारंवार पूर्ण उपसली तर लवकर मरते. त्या प्रकारात 33 ते 36 अँपिअर-तासांची घ्यावी लागेल आणि तिचे वजन दहा किलोच्या पुढे जाईल, जे गाडीच्या डिकीतून उतरवणे तुम्हाला वर्ज्य आहे. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या चार सेलांची 12.8 व्होल्ट, 18 अँपिअर-तासांची बॅटरी 230 वॅट-तास देते आणि वजन अडीच किलोच्या आसपास असते. विजेच्या दुचाकींच्या बॅटऱ्या बांधणारे कारागीर आता कोल्हापुरात आहेत. त्यांच्याकडून बांधून घेताना संरक्षक सर्किट किमान 30 अँपिअरचे आहे याची खात्री करा, अन्यथा चढावर ते मधेच पुरवठा तोडेल.

हे सर्व सांगून माझे मत असे आहे की सांगाडा मात्र करून घेऊ नका. मी केलेला पहिला सांगाडा चौकोनी पाइपचा होता आणि तो एकटाच अकरा किलो भरला. तीन चाकांची, घडीची, ॲल्युमिनियमची ढकलायची ट्रॉली विकत घ्या आणि तिच्या मागच्या ॲक्सलच्या जागी मोटरचा ॲक्सल बसवून घ्या. वरील प्रतिसादात सुचवलेली ट्रॉली अशा रीतीने वाया जाणार नाही. चाचणीसाठी बॅगेच्या जागी पशुखाद्याची अर्धी भरलेली पिशवी बांधा आणि शेताच्या बांधावर चढ-उतार दोन्ही करून पाहा. आम्ही जोतिबाच्या पायथ्याशी मेहुण्यांच्या रानात तसेच केले.

नियमांची_वही

वरील प्रतिसाद फार उपयुक्त आहे. नियमांपुरते मी लिहितो.

मोटरची ट्रॉली ही तुमच्या साहित्याचा भाग मानली जाते आणि गोल्फचे नियम तिला मनाई करत नाहीत. बॅगेत चौदापेक्षा अधिक क्लब, म्हणजे मारायच्या काठ्या, नसावेत ही मर्यादा नेहमीप्रमाणे लागू राहते. 2019 पूर्वी तुमचा मारलेला चेंडू तुमच्याच ट्रॉलीवर आदळला तर एका फटक्याचा दंड होता. 2019 च्या सुधारित नियमांपासून तो अपघाताने आदळल्यास दंड नाही. चेंडू जेथे थांबेल तेथून खेळायचा. मात्र ट्रॉली चालवताना चाकाने तुमचा स्थिर चेंडू हलवला तर एका फटक्याचा दंड लागतो आणि चेंडू मूळ जागी ठेवावा लागतो. चेंडू शोधत असताना तो अपघाताने हलला तर दंड नाही, पण तो परत ठेवायचाच. दूरनियंत्रकाची ट्रॉली घेणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे, कारण ती पुढे सोडून दिली की नजर फटक्याकडे असते आणि चाक कोठे जाते हे कळत नाही. ट्रॉलीच्या पडद्यावर अंतर दिसत असेल तर तेही 2019 पासून सामान्यतः चालते. चढ-उतार मोजून दुरुस्त केलेले अंतर मात्र स्पर्धेत चालत नाही, ती सोय बंद ठेवावी लागते.

बसून फिरण्याचा प्रश्न वेगळा आहे आणि स्पर्धांत त्यावर बंदी असू शकते. अमेरिकेत केसी मार्टिन या व्यावसायिक खेळाडूला पायाच्या आजारामुळे गाडी वापरू द्यावी की नाही, हा वाद तेथील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि 2001 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. तुम्ही चालणारच आहात, त्यामुळे तुम्हाला यातील काहीच आड येत नाही.

प्रत्येक गोल्फ क्लबची, म्हणजे संस्थेची, स्वतःची शिस्त असते ती आधी विचारून घ्यावी. ट्रॉली ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) आणि टीवर (होलचा पहिला फटका मारायच्या जागी) न्यायची नाही, ग्रीन आणि बंकर (वाळूचा खड्डा) यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यातून न्यायची नाही, आणि ग्रीनपाशी पोहोचल्यावर ती पुढच्या टीकडे जाणाऱ्या बाजूला उभी करायची, एवढे तर सर्वत्र पाळले जाते. पावसाळ्यात ओल्या फेअरवेवर (टी आणि ग्रीन यांमधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्यावर) चाकांच्या पन्हळी उमटतात. इंग्लंडमध्ये हिवाळ्याच्या ओलीत अनेक क्लब काट्यांची चाके सक्तीची करतात, ज्यांचा जमिनीशी संपर्क थोड्याच बिंदूंपुरता राहतो. आपल्याकडील जून ते सप्टेंबरचा पाऊस पाहता हा विचार येथेही व्हावा असे मला मनापासून वाटते.

विमानाचे उत्तर स्पष्ट आहे. प्रवासी विमानात 100 वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी नेता येते, 100 ते 160 पर्यंतच्या बॅटरीसाठी विमान कंपनीची परवानगी लागते आणि 160 च्या वर ती नेताच येत नाही. वर सांगितलेली बॅटरी 230 वॅट-तासांची आहे, त्यामुळे ती घरीच ठेवावी लागेल. परदेशातून ट्रॉली मागवणाऱ्यांनाही याच कारणाने अडचण येते, कारण सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून मालवाहतुकीने पाठवण्यास 2016 पासून बंदी आहे. म्हणून ट्रॉली तयार घेतली तरी बॅटरी येथेच करून घेणे सोयीचे पडते.

कॅडीचा_मुलगा

मी सहसा येथे लिहीत नाही. माझे वडील पुण्यात बावीस वर्षे कॅडी होते आणि त्यांच्या कमाईवर आम्हा तिघा भावंडांचे शिक्षण झाले. ट्रॉली आली म्हणजे कॅडी नको, असे गणित कृपया कोणी मांडू नये. बॅग वाहणे हा त्या कामाचा सर्वांत दिसणारा भाग आहे, सर्वांत मोलाचा नव्हे. ग्रीनवर चेंडू कोणत्या बाजूला वळेल, कोणत्या झाडाखाली हरवलेला चेंडू सापडेल, सकाळच्या दवात फटका किती आखूड पडेल, हे त्यांना मैदानावर वर्षानुवर्षे चालल्याने कळत असे. 1991 मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू अली शेर हा दिल्लीत कॅडी म्हणूनच मोठा झाला, आणि 2009 मध्ये तीच स्पर्धा जिंकणारे सी. मुनियप्पा हेही बंगळुरूत आधी कॅडी होते.

वडिलांचा डावा खांदा शेवटच्या काही वर्षांत उजव्यापेक्षा स्पष्ट खाली आला होता आणि सदऱ्याच्या त्या बाजूला पट्ट्याने घासून कापड विरत असे. आई तेथे आतून दुसरे कापड लावून शिवायची. तेव्हा चाके असलेले काही मिळाले असते तर ते आणखी काही वर्षे काम करू शकले असते. म्हणून माझी विनंती एवढीच आहे की कॅडी उपलब्ध असेल त्या दिवशी त्याला घ्या, पूर्ण मेहनताना द्या आणि बॅग ट्रॉलीवर ठेवून ती त्यालाच चालवू द्या.

राजारामपुरीकर

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांना विचारले. सपाट जागी दोन्ही हातांनी ढकलण्यास त्यांची हरकत नाही, चढावर मात्र त्यांनी स्पष्ट नकार दिला. त्यामुळे तीन चाकांची ट्रॉली घेऊन तिला मोटरचा ॲक्सल बसवणे हाच मार्ग निश्चित केला आहे. दूरनियंत्रकाचा मोह मी सोडला; दांड्यावर अंगठ्याने फिरवायचे एक बटण मला पुरेसे आहे. कॅडीच्या मुलाने लिहिलेले वाचून मी बराच वेळ शांत बसलो. माझ्यासोबत गेली चार वर्षे येणारे कॅडी पन्नाशीच्या पुढचे आहेत आणि तेही हल्ली बॅग खांदा बदलत वाहतात, हे माझ्या लक्षात असूनही मी कधी बोललो नव्हतो. ट्रॉली तयार झाली की पहिल्या राउंडला तेच ती चालवतील.

लेथवाले साहेब, एक शंका उरली. वळताना दोन्ही चाके एकाच ॲक्सलला पिनेने बांधलेली असतील तर बाहेरच्या चाकाला अधिक अंतर जावे लागेल. मग ट्रॉली वळणार कशी?

लेथवाला_उद्यमनगर

शंका अगदी योग्य आहे. ट्रॉली अशा वेळी गवत घासत वळते आणि दांडा जड लागतो. काही तयार ट्रॉल्यांच्या चाकांत एकाच दिशेने पकडणारी रोलर बेअरिंग असते, त्यामुळे बाहेरचे चाक पुढे निसटू शकते. पण मग उतारावरचा अटकाव जातो, म्हणून मी ती तुमच्यासाठी सुचवणार नाही. त्याऐवजी एकाच चाकाला पिन ठेवा आणि दुसरे कायम मोकळे फिरू द्या. ट्रॉली किंचित एका बाजूला ओढेल. ती ओढ कमी करण्यासाठी पुढचे चाक अर्धा अंश वळवून घट्ट करता येते. खडा चढ असलेल्या मैदानावर जाल त्या दिवशी दुसरे चाकही आतल्या खाचेत बसवा. शाफ्टला दोन्ही टोकांना खाचा आणि पिना आधीच करून ठेवल्या असतील तर हा बदल मैदानावर उभ्याउभ्या होतो.

ट्रॉली घेतलीत की दुकानात घेऊन या. येण्याआधी मागच्या दोन चाकांमधील अंतर आणि तुंब्याच्या भोकाचा व्यास मोजून येथे लिहा, म्हणजे शाफ्ट कापून ठेवतो.